पानाच्या उजव्या बाजूला

पुण्यात राहून माझा जन्म गेला, तरी आमच्या इमारतीतली पोरं मला अजून 'मद्रासी आजोबा' म्हणतात. मी 'असकं' म्हणालो की त्यांना हसू फुटतं. असकं म्हणजे सगळं. हा शब्द त्यांच्याच खापरपणजोबांचा, पण तो इकडे टाकला गेला आणि पिढ्यांपूर्वी तिकडे गेलेल्या आमच्या लोकांनी कावेरीकाठी जपून ठेवला, हे त्यांना कोण सांगणार? मी रागावत नाही. मनात म्हणतो, बाळांनो, हा म्हातारा मराठी की तमिळ हा प्रश्न तुमच्या फार आधी कुंभकोणच्या कोर्टाला पडला होता, तोही भिंतीवर इंग्रज बादशहाची तसबीर लावलेल्या कोर्टाला. त्याच्या उत्तरावर माझी आई कोण हे ठरायचं होतं.

मी जन्मलो स्वामीमलैला. वडील तिथल्या शाळेत मास्तर होते, घरात आम्ही भावंडं उदंड, आणि शेजारी मूर्ती ओतणाऱ्यांचा कारखाना, त्यामुळे दिवसभर कानशीची खरखर चाले. एका सकाळी मला तेल लावून न्हाऊ घातलं, कोरा पंचा नेसवला आणि जटक्यात बसवून कुंभकोणला नेलं. घोड्याच्या गाडीत बसायला मिळणार म्हणून मी इतका हरखलो होतो की कुठं आणि कशाला चाललोय हे विचारायचं राहूनच गेलं. तिथं एका घरात होमाची तयारी होती, पण होम काही पेटेना. दर थोड्या वेळानं एक बाई दारापर्यंत जाई, रस्त्याकडे बघे आणि परत येऊन बसे. मला भूक लागली होती. शेवटी भटजींनी आवाज चढवला तेव्हा होम सुरू झाला. त्या बाईनं दोन्ही हात पसरून 'मला हा मुलगा द्या' म्हटलं आणि वडिलांनी 'दिला' म्हटलं. शाळेत चार वर्गांना ऐकू जाणारा त्यांचा आवाज त्या एका शब्दाला बसला. आईनं तोंडात पदर कोंबला होता. संध्याकाळी जटका परत गेला, आणि त्यात माझी जागा नव्हती.

ती बाई म्हणजे गोदावरीबाई. गोदावरी नदी तिनं जन्मात पाहिली नव्हती, तिच्या सात पिढ्यांनीही पाहिली नसावी. सारी गल्ली तिला गोदाम्मा म्हणे, मीही तेच म्हणू लागलो आणि तिनं मला कधी दुरुस्त केलं नाही. नवरा अचानक गेलेला, पोटी मूल नाही, महामहम तळ्यापासून जवळ एक छोटं कौलारू घर आणि आडुतुरैच्या बाजूला थोडी भातशेती, एवढा तिचा संसार. सुरुवातीला मी दिवसभर रडत असे. इतर कुणी असतं तर गूळ-खोबरं पुढं केलं असतं. तिनं पल्लांकुळीचा पाट आणला. खळगे खोदलेला लाकडी पाट असतो आणि कवड्यांनी खेळतात. तो माझ्यापुढं ठेवून म्हणाली, "रडायचं असेल तर रड रे कण्णा, बाळा. पण कवड्या मांडून रड. हात रिकामे कां ठेवायचे?" ती खेळात लबाडी करी, आणि तीही उघडउघड. तिची लबाडी पकडण्याच्या नादात माझं रडणं मागं पडलं. ती मुद्दाम पकडली जात होती हे कळायला मला स्वतःची मुलं व्हावी लागली.

त्या घराचा आवाज हातोड्यांचा होता. मागच्या गल्लीत पितळेची भांडी ठोकायचे, आणि त्या ठोक्यांवर गोदाम्माचं घड्याळ चाले. पहिले ठोके पडले की कॉफीचं आधण, ते थांबले की पानं मांडायची. तिच्या हातचं पिठलं, उडदाच्या पिठाचं डांगर पच्चडी, आणि सणावाराला वांग्याची चिंच-खोबरं घातलेली रसवांगी. मी पुढं बरंच जग पाहिलं, चांगल्याचुंगल्या पंगती झोडल्या, पण ती रसवांगी कुणाला जमली नाही, माझ्या बायकोलाही नाही, आणि हे मी तिला एकदाच बोलून दाखवलं.

आता किट्टूकाका. नाव कृष्णराव, पण गोदाम्मासाठी किट्टू. तिच्या नवऱ्याचा हा चुलत भाऊ. आईबाप लहानपणीच गेले, तेव्हा तो या घरी आला. गोदाम्माही तेव्हा नुकती लग्न होऊन आलेली, परकरातून लुगड्यात आलेली पोर. तिनंच त्याला वाढवलं, शाळेत घातलं, त्याची मुंज करवली. पुढं तो मायावरमला रेल्वेत कारकून झाला, त्याचं लग्न झालं, तरी पगारानंतरच्या पहिल्या रविवारी तो वैनीच्या हातचं जेवायला यायचाच. माझ्या दत्तविधानाची बातमी मात्र त्याला दुसऱ्याच कुणाकडून कळली, आणि तीही सगळं उरकल्यावर. गल्लीतल्या साऱ्यांना आमंत्रण, आणि आपल्याला नाही! त्यानंतरच्या रविवारी तो आला नाही. त्याच्याऐवजी कोर्टाचा शिपाई आला.

दावा समजायला मला वर्षं लागली, पण मतलब सोपा होता. विधवेला दत्तक घेता येतो का, याला तेव्हा प्रांताप्रांताचं वेगळं उत्तर होतं. मद्रास इलाख्यातल्या तमिळ रिवाजाप्रमाणं विधवेला नवऱ्यानं मरण्याआधी परवानगी दिलेली असावी लागे, नाहीतर त्याच्या भाऊबंदांची संमती. महाराष्ट्राच्या रिवाजात तिला कुणालाच विचारायची गरज नव्हती. आणि माणूस देश सोडून दुसरीकडे गेला तरी त्याचा रिवाज त्याच्याबरोबर जातो, त्यानं तो आपणहून टाकला नसेल तर, असा कायदा. गोदाम्मानं नवऱ्याला विचारलं नव्हतं, किट्टूकाकालाही नाही. म्हणजे आम्ही अजून मराठी असलो तर मी तिचा मुलगा, आणि आम्ही तमिळ झालेलो असलो तर मी स्वामीमलैच्या मास्तरांचं पोर, परत जटक्यात बसायचं. घर आणि शेती मग काकाकडे. काकानं कोर्टात शपथेवर सांगितलंही, की आमच्या घराण्यात महाराष्ट्राची एकही रीत उरलेली नाही, आम्ही अंतर्बाह्य इथलेच झालो. माझी मुंज त्यामुळं अडली. कुणाच्या गोत्रात करायची हेच ठरेना. मी तोवर गोदाम्माला चिकटलो होतो, आणि घरात कुणी 'कोर्ट' म्हटलं की मी कोठीच्या खोलीत जाऊन दडे.

बायकांनी कोर्टात उभं राहायची पद्धत नव्हती. म्हणून कोर्टानं गोदाम्माची साक्ष घ्यायला एक वयस्कर तमिळ वकील घरीच पाठवले. त्यांना कमिशनर म्हणायचे. ते येणार म्हणून आमच्या वकिलांनी तिची चांगली पढवणी केली होती. पोंगल करतो म्हणायचं नाही, दारात कोलमची रांगोळी घालतो म्हणायचं नाही, सांबाराचं नावच काढायचं नाही. गोदाम्मा 'सरी, सरी', म्हणजे बरं बरं, म्हणून मान डोलवत होती, आणि मला तिची ती मान चांगली ओळखीची होती. पल्लांकुळीत लबाडी करण्यापूर्वी ती अशीच डोलायची.

कमिशनर ओसरीवर बसले, दोन्ही बाजूंचे वकील त्यांच्या दोन बाजूंना. काका खांबाला टेकून, कुणाकडेही न बघता. गोदाम्मा दाराआड, आणि तिच्या लुगड्याला धरून मी. सगळं बोलणं तमिळमध्ये.

"घरात कोणती भाषा बोलता?" काकाच्या वकिलांनी विचारलं.

"मराठी," गोदाम्मा म्हणाली. "म्हशीशी मात्र तमिळ. म्हैस इथली आहे."

"पोंगल करता?"

आमच्या वकिलांनी घसा खाकरला. गोदाम्मानं तो ऐकला आणि म्हणाली, "करतो की. भात पिकतो तर सूर्याला दाखवायला नको? सूर्य काय तुमचा एकट्यांचा आहे?"

"आणि कोलम?"

"रोज घालते. आज तुम्ही तुडवून आलात तो मीच घातलेला."

सांबार कुणाचं यावर दोन्ही वकिलांची अशी जुंपली की कमिशनरांना लेखणी आपटावी लागली. मग शेवटचा प्रश्न आला. नवऱ्यानं परवानगी दिली होती का? "नाही दिली," गोदाम्मा म्हणाली. "द्यायला त्यांना वेळच कुठं मिळाला? मी विचारलं असतं तर हो म्हणाले असते. पण विचारलं नव्हतं, हे खरं." आमच्या वकिलांनी कपाळाला हात लावला. मला कायदा कळत नव्हता, पण कपाळाला लावलेला हात कळत होता. मी लुगडं आणखी घट्ट धरलं. बोलेल ते सगळं खरंच, अशा बाईचं कोर्टात काय व्हायचं?

मागच्या गल्लीतले ठोके थांबले. गोदाम्मा उठली. "राहिलेलं जेवणानंतर विचारा. या दारातून भरल्या दुपारी कुणी उपाशी गेलेलं नाही." काकाचे वकील अय्यंगार होते, ते परक्या घरी पाणीदेखील घेत नसत. ते तातडीनं घरी जेवायला निघाले. कमिशनर अय्यर होते. आम्हा रायर लोकांच्या, म्हणजे मराठी ब्राह्मणांच्या, घरी भात खावा का, असं त्यांच्या मनात घोळत असावं, पण स्वयंपाकघरातून रसवांगीची फोडणी आली आणि त्यांनी अंगरखा काढून खुंटीला लावला. आमचे वकीलही अय्यरच. तेही बसले. काका मात्र जागचा हलेना. तेव्हा गोदाम्मा त्याच्याशी बोलली. दावा लागल्यापासून पहिल्यांदाच, आणि मराठीत.

"किट्टू, तुझें पान मांडलें आहे."

काका उठला, पाय धुऊन आला आणि खांबाजवळच्या आपल्या नेहमीच्या जागी बसला. ती जागा तिनं त्याच्यासाठी मोकळी ठेवली होती. मी पंगतीच्या टोकाला. केळीच्या पानांवर वाढून झालं. दोघा अय्यरांनी पानाभोवती पाणी फिरवलं, आपल्या रीतीनं मंत्र म्हटले आणि जेवायला लागले. काकानंही पाणी फिरवलं. मग त्याचा हात भातावर गेला. चिमटीनं त्यानं भाताची इवलीशी शितं उचलली आणि पानाच्या उजव्या बाजूला, जमिनीवर, ओळीनं ठेवत गेला. ओठ पुटपुटत होते, डोळे भलतीकडेच लागलेले. चित्राहुती! चित्रगुप्ताला, यमाला घासातला घास काढून ठेवायची आपली रीत. हे वाचणाऱ्यांच्या घरी आजही कुणी म्हातारा करत असेल. आमच्या गावच्या अय्यरांत ही रीत नव्हती. पंगतीत त्या दोघांच्या पानांची उजवी बाजू स्वच्छ होती आणि काकाच्या पानाशी भाताची ओळ लागलेली. जित्याची खोड म्हणतात ती ही. शपथ तोंडानं घेतली होती, हाताला कुणी सांगितलंच नव्हतं.

आमच्या वकिलांचा घास हातातच राहिला. "कमिशनर सार," ते जवळजवळ ओरडलेच, "हे पाहिलंत? एकही रीत उरली नाही म्हणणाऱ्याचं पान बघा! आत्ताच्या आत्ता नोंद करा!"

काकानं खाली पाहिलं. आपल्याच हातानं काय केलंय ते त्याला दिसलं आणि त्याचा चेहरा उतरला. पुसून टाकावं तर चित्राहुती जेवणाच्या मधे उचलतात का कुठं? त्याचा हात पुढं गेला आणि तसाच माघारी आला.

"लिहायचं नाही," दारातून आवाज आला. गोदाम्मा हातात पळी घेऊन उभी होती. डोक्यावरचा पदर घसरला होता आणि तिला त्याचं भान नव्हतं.

"अम्मा, कळतंय का तुम्हाला?" वकील म्हणाले. "आपण हरत आलो होतो. एवढ्या एका गोष्टीवर खटला फिरतो. मुलगा तुमचा राहतो."

तिनं माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी अजून विसरलेलो नाही. मला वाटलं, आता ही 'लिहा' म्हणणार. मला तिनं तसं म्हणायला हवं होतं, देवाशपथ हवं होतं.

"मुलगा मला हवा आहे," ती म्हणाली. "हा गेला तर मी जगायची नाही. पण माझ्या घरी जेवायला बसलेल्या माणसाच्या पानाची साक्ष मी काढणार नाही. ज्या पोराला मीच पानावर बसायला शिकवलं, त्याच्याच पानावर खटला जिंकू? काय लिहायचं ते मी दाराआडून बोलले त्यातलं लिहा." आणि ती वाकून काकाच्या पानावर रसवांगी वाढू लागली. "घे. तुला आवडतें म्हणून केलें आहे. जेव आधीं."

काकाचे खांदे हलायला लागले. एवढा मिशाळ माणूस, खाली मान घालून लहान पोरासारखा रडत होता. "वैनी," तो म्हणाला, "मज आवतण कां नाहीं दिलेंस?"

"घरच्या माणसास आवतण कोण देतें रे? बातमी तुला लागेलच, तूं येशील म्हणून होम खोळंबून ठेवला होता. किती वेळां दारांत जाऊन पाहिलें! भट ओरडायला लागले मग."

"असक्यांना बोलावलेंस. मला वाटलें, मी परका झालों. आणि पोर हवेंच होतें तर मी नव्हतों का?"

गोदाम्मा त्याच्यासमोर खालीच बसली. "तूं तुझ्या बापाचा एकटा. तुला मी घेतला असता तर त्याला पाणी कोणीं दिलें असतें? तुझ्या आईला वरतीं जाऊन काय तोंड दाखवूं? तुला घ्यायला दत्तविधान कशाला हवें होतें, वेड्या? तूं होतासच की."

कमिशनरांना मराठी येत नव्हतं, तरी त्यांनी जेवण थांबवलं होतं. काकानं डाव्या हातानं डोळे पुसले आणि त्यांच्याकडे वळून तमिळमध्ये म्हणाला, "लिहा, सार. मी सांगतो म्हणून लिहा. ही रीत मला यांनीच शिकवली. मुंज झाल्यावर पहिल्याच दिवशी मी लाडवाएवढे गोळे ठेवले होते. तर म्हणाल्या, एवढं मोठं ठेवू नको, यमाला चटक लागेल."

"मी फक्त या अम्मांची साक्ष घ्यायला आलोय," म्हातारे कमिशनर म्हणाले. "तुमचं काय ते तुम्ही कोर्टात सांगा. आणि अम्मा, ती वांगी अजून असतील तर इकडे आणा."

काकाचे वकील ढेकर देत परत आले तेव्हा त्यांचा अशील दुसऱ्यांदा पिठलं मागत होता आणि मी त्याच्या मांडीला मांडी लावून बसलो होतो. त्या बिचाऱ्यांचा चेहरा मला आजही आठवतो. पुढच्या तारखेला काकानं दावा काढून घेतला आणि दत्तक आपल्याला मान्य असल्याचं लिहून दिलं. त्यामुळं आम्ही मराठी की तमिळ, हे कोर्टानं शेवटपर्यंत ठरवलंच नाही. पुण्यातल्या पोरांना मी मनात हेच सांगतो, प्रकरण अजून लटकलंय म्हणून.

माझी मुंज त्याच उन्हाळ्यात झाली. या खेपेला मायावरमला आमंत्रण घेऊन गोदाम्मा स्वतः आगगाडीनं गेली, नारळ आणि कुंभकोणची विड्याची पानं घेऊन. माझ्या शेजारी पान मांडून काका बसला. स्वामीमलैहून आई-वडीलही आले होते. आईनं मला जवळ घेतलं, केस नसलेल्या डोक्यावरून हात फिरवला, मग माझा हात धरून मला गोदाम्माजवळ नेऊन उभं केलं आणि पंगतीत वाढायला गेली. मी पाणी फिरवलं आणि भाताचा चांगला मोठा गोळा उचलला. काकानं माझं मनगट धरलं. "लहान ठेव रे," तो म्हणाला. "येवढें मोठें नको. यमाला..." पुढचं दाराआडून ऐकू आलं, हसत हसत. मग तिथून नाक ओढल्याचा आवाज आला, आणि बराच वेळ वाढायला कुणी आलं नाही.

ती गेली तेव्हा अग्नी मी दिला. काका माझ्या खांद्यावर हात ठेवून मागं उभा होता, आणि तिच्या श्राद्धाला तो जिवंत असेपर्यंत न बोलावता येत राहिला. आता तोही नाही. मी टेबलावर स्टीलच्या ताटात जेवतो आणि उजव्या बाजूला टेबलावरच शितं ठेवतो. सून ती नंतर मुकाट्यानं पुसून घेते, पोरगी गुणाची आहे. धाकटा नातू माझं बघून मुठीएवढा गोळा काढतो, तेव्हा मी त्याचं मनगट धरतो आणि यमाला चटक लागेल, ते वाक्य सांगतो. माझी स्वतःची चित्राहुती मात्र हल्ली मी जरा मोठीच ठेवतो.